कोटेशनच्या तळाची ओळ



दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर गेलेली जव्हार-मोखाड्यातील कुटुंबे पावसाळ्याच्या तोंडावर घरी परततात. गाठीला जमलेल्या पैशांतून एखादे घर मोटारसायकल घ्यायचे ठरवते. आपल्या घाटरस्त्यांवर ती चैन नव्हे. रात्री-अपरात्री दवाखाना गाठायचा तर तिचाच आधार. शोरूममध्ये मात्र ऐकलेली किंमत एक आणि भरायची रक्कम दुसरी निघते. गाडीची किंमत, आरटीओचा कर आणि विमा यांच्याखाली हँडलिंग चार्ज, ॲक्सेसरीज, फाईल चार्ज अशा ओळी वाढत जातात. विचारले तर उत्तर मिळते, "कागदावर लिहिले आहे, तुम्ही सही केली आहे."

कागदावर छापले म्हणजे सांगितले असे होते काय?

संत थॉमस अक्विनास यांनी तेराव्या शतकात खरेदी-विक्रीतील फसवणुकीचा विचार केला. तेव्हाचे वाहन म्हणजे घोडा. घोडा एका डोळ्याने आंधळा असेल तर ते घेणाऱ्याला दिसतेच. विकणाऱ्याने किंमत त्या मानाने कमी घेतली तर ते बोलून दाखवण्याचे बंधन त्याच्यावर नाही. पण लंगडा घोडा वेगवान म्हणून विकणे हा अन्याय आहे, असे ते मानतात.

आता ही तळाची ओळ पाहू. ती डोळ्यांसमोर असते खरी. पण इंग्रजीत, बारीक अक्षरांत आणि ॲडव्हान्स भरून झाल्यावर पुढे येते. जे समजलेच नाही त्याला होकार कसा देणार? सही हात करतो, संमती मन देते.

दुकानदारालाही भाडे आणि पगार द्यावे लागतात. त्याने नफा जरूर घ्यावा, केलेल्या कामाचे दामही मागावे; पण आधी आणि उघडपणे. शोरूमच्या काउंटरवर बसणाऱ्या आपल्या मुला-मुलींनीही हे ध्यानात ठेवावे. "मालकाने सांगितले" एवढ्याने आपली जबाबदारी संपत नाही.

कायदाही गिऱ्हाइकाच्या पाठीशी आहे. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार एक वस्तू हवी तर दुसरी घ्याच अशी अट घालणे ही प्रतिबंधक व्यापारी प्रथा ठरते, आणि विकलेल्या मालाचे बिल न देणे ही अनुचित प्रथा. नव्या दुचाकीचा ५ वर्षांचा थर्ड पार्टी विमा १ सप्टेंबर २०१८ पासून सक्तीचा आहे, तो टाळू नये. मात्र कोणत्या कंपनीचा घ्यायचा हे आपण ठरवायचे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा १९१५ हा क्रमांक आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे २ वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि ती आपण राहतो त्या जिल्ह्यातही दाखल होते.

पण क्रमांक लावण्याआधीची एक गोष्ट आपल्याच हातात आहे. पाड्यावरचा कुणी गाडी घ्यायला निघाला, तर वाचता येणाऱ्याने एक दिवसाची मजुरी सोडून त्याच्याबरोबर जावे. पैसे भरण्याआधी प्रत्येक ओळ मोठ्याने वाचावी आणि विचारावे, "हे कशाचे?"