कर पहिल्या पगारापासून, दवाखाना पाच वर्षांनी

न्यू जर्सीतल्या एडिसनला मुलाकडे कायमची राहायला निघालेली आई बॅगेत लोणच्याच्या बरणीशेजारी बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्यांची पाकिटं भरते, पुण्याच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. हातात ग्रीन कार्ड असतं, तरी आजारपणाची तजवीज इथूनच करून न्यावी लागते. आपल्याकडे याला काटकसर म्हणतात. मला यात एका कायद्याचा अन्याय दिसतो.

२२ ऑगस्ट १९९६ रोजी बिल क्लिंटन यांनी सही केलेल्या कायद्याने, त्यानंतर अमेरिकेत आलेल्या बहुतेक कायदेशीर स्थलांतरितांना पहिली पाच वर्षं मेडिकेड, म्हणजे गरिबांसाठीची सरकारी आरोग्ययोजना, बंद केली. पासष्टीपुढच्यांच्या मेडिकेअरचीही तीच गत. स्वतः किंवा जोडीदाराने साधारण दहा वर्षं नोकरी करून कर भरलेला नसेल, तर सलग पाच वर्षं राहिल्यावरच तिथे प्रवेश, तोही विकत. नुसत्या रुग्णालय-खर्चाच्या भागाचा पूर्ण हप्ता २०२५ मध्ये महिन्याला ५१८ डॉलर होता.

याचं समर्थन करणारे म्हणतात, मुलाने आईवडिलांना सांभाळण्याची हमी लिहून दिली आहे, मग सरकारवर भार कशाला? मुद्दा रास्त आहे, पण अन्नवस्त्रनिवाऱ्यापुरताच. बायपासचा खर्च एका पगारदार घराला पेलत नाही. एका घराला न पेलणारं ओझं अनेकांनी वाटून घ्यावं, म्हणून तर विमा निघाला.

शिवाय जो मुलगा हमी देतो, त्याची पगाराची पावती पाहा. एच-वन-बी व्हिसावर पहिला पगार झाला की मेडिकेअरच्या नावाने १.४५ टक्के कापले जातात. तेवढेच मालक भरतो. दहा वर्षांच्या आत हा मुलगा भारतात परतला, तर त्यातलं काहीही त्याच्या पदरात पडत नाही. कर घेताना सरकार पाच वर्षं थांबत नाही.

न्यायालयानेही इथे दोन मापं लावली. कायदेशीर परकीयांना कल्याण-योजनांतून वगळता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये राज्यांना बजावलं. तेही कर भरतात, हे त्यामागचं एक कारण. पण १९७६ मध्ये मॅथ्यूज विरुद्ध डियाझ खटल्यात मेडिकेअरसाठीची केंद्राची पाच वर्षांची अट त्याच न्यायालयाने वैध ठरवली.

बरं, यातून पैसा तरी वाचतो का? १९८६ च्या कायद्याप्रमाणे जिवावर बेतलेल्या रुग्णाला रुग्णालयाचा तातडीचा विभाग परत पाठवू शकत नाही, आणि गरीब रुग्णाच्या अशा उपचारांचा खर्च मेडिकेडच उचलतं. म्हणजे मधुमेहाच्या गोळीला नकार, आणि पाय कापायची वेळ आली की होकार. गरोदर स्त्रिया आणि मुलांपुरती ही अट काढण्याची मुभा २००९ मध्ये राज्यांना मिळाली. गर्भाला पाच वर्षं थांबवता येत नाही हे पटलं, मग हृदयाला तरी कसं थांबवणार?

उलट ४ जुलै २०२५ च्या कायद्याने दार आणखी ओढून घेतलं आहे. आजवर या पाच वर्षांच्या अटीतून निर्वासितांना सूट होती. १ ऑक्टोबर २०२६ पासून ग्रीन कार्ड मिळेपर्यंत त्यांनाही मेडिकेड बंद. त्यांच्यासाठी सांभाळण्याची हमी लिहून देणारा मुलगा नसतो. त्यांना पारखून, निवडून देशात आणलं ते खुद्द सरकारने.