मोकळ्या टेबलाची धास्ती

कामात बुडाल्याचे सोंग घेणाऱ्या सरकारी माणसाला नगर जिल्ह्याने दोनदा अडचणीत आणले आहे. पहिल्यांदा १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला. अनिलकुमार लखीना तेव्हा इथे जिल्हाधिकारी होते. त्यांनी दफ्तरातले कागद वर्गवार लावून घेतले, जुने निरुपयोगी काढून टाकायला लावले, बसण्याची मांडणी सुधारली. ‘लखीना पॅटर्न’ म्हणून पुढे राज्यभर त्याचा बोलबाला झाला. कौतुक नीटनेटकेपणाचे झाले, पण मला त्यातला निर्दयपणा जास्त जाणवतो. हनुवटीपर्यंत फायली रचून बसलेल्या माणसाला ‘माझ्या अर्जाचं काय झालं?’ असे विचारायची कुणाची छाती होत नसे. गठ्ठे हलले आणि पलीकडे कोण बसलाय ते दिसू लागले. तो काय करतोय, तेही.

सरकारी कचेऱ्यांत आज सहा गठ्ठा पद्धत सांगितली जाते. हातातली प्रकरणे, प्रतीक्षाधीन, नियतकालिक अहवाल, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे आणि नष्ट करायचे. यातला गुबगुबीत गठ्ठा कुठला, हे सांगायला ज्योतिषी नको. प्रतीक्षाधीन! वरून मार्गदर्शन मागवले आहे, खालून अहवाल यायचा आहे, मधल्यांनी स्मरणपत्र पाठवले आहे. बसल्या जागी करता येणारे आणि सबंध दिवस पुरणारे असे दुसरे काम नाही.

दुसरी अडचण राळेगणसिद्धीहून आली. अण्णा हजारे यांनी दिरंगाईविरुद्ध लावून धरले आणि बदल्यांचा व विलंबाच्या प्रतिबंधाचा २००५चा अधिनियम झाला. फाईल कुणाकडेही साधारणपणे सात कार्यालयीन दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये, तातडीची असेल तर चार दिवसांत हलावी, असे त्यात लिहिले आहे. आता काय करणार? पण मुरलेला कारकून कायद्याला घाबरत नाही, तो कायदा वाचतो. सहाव्या दिवशी फाईल ‘चर्चा करावी’ म्हणून वर जाते किंवा ‘त्रुटींची पूर्तता करून फेरसादर करावे’ म्हणून खाली येते. नियम पाळला गेला आणि टेबलही मोकळे. फाईल किती दिवस थांबावी हे कायद्याने ठरवले. एकूण निर्णयालाही त्याने मुदत घातली, पण फाईलच्या आडव्या फेऱ्या मोजतो कोण?

शिवाय जिल्हाच असा आहे की ‘साहेब फिरतीवर आहेत’ हे वाक्य इथे पटते. १७,०४८ चौरस किलोमीटर, चौदा तालुके, क्षेत्रफळात राज्यात पहिला नंबर. एका टोकाला अकोले, दुसऱ्या टोकाला जामखेड. साहेब कुठल्या टोकाला आहेत, हे पाहायला कोण जाणार? मोबाईलने ही मौज बरीच घालवली. तरी व्हिडिओ कॉन्फरन्स आली. कॅमेऱ्यासमोर गंभीर चेहऱ्याने मान हलवत दोन तास बसता येते, आणि त्या वेळात कुणी आत येऊ शकत नाही.

हे फक्त आपलेच पाप नव्हे. पार्किन्सन नावाच्या इंग्रज गृहस्थाने १९५५ मध्येच लिहून ठेवले की हाती जेवढा वेळ असेल तेवढे काम फुगते. १९१४ ते १९२८ या काळात ब्रिटिश आरमाराच्या मोठ्या युद्धनौका ६२वरून २०वर आल्या आणि आरमाराच्या कचेरीतले अधिकारी २,०००वरून ३,५६९ झाले. पुण्यात संगणकावर बसणारी आपली पोरेही तेच करतात. पडद्यावर नावापुढचा ‘हजर’ सांगणारा हिरवा ठिपका विझू नये म्हणून मधून मधून माऊस हलवतात.

सोंग टिकते ते प्रेक्षकामुळे, आणि तो प्रेक्षक आपणच आहोत. समजा, श्रीगोंद्याहून पहाटेच्या एसटीने कुणी आला आणि अधिकारी स्वच्छ टेबलापाशी हसतमुख बसलेला दिसला. ‘या, बसा, काय काम आहे?’ असे त्यानेच विचारले, की हा मनात म्हणतो, याच्या हातात काही नसणार. मग तो शेजारच्या खोलीत डोकावतो. तिथला साहेब मान वर न करता सह्या करतोय, दोन माणसे उभी आहेत, फोन वाजतोय. याचे समाधान होते. इथे वजन आहे. दोन तास ताटकळून तो ‘साहेब फार बिझी असतात’ असे गावात कौतुकाने सांगतो.

खरी धावपळ मात्र दिसायच्या भानगडीत पडत नाही. ६ मे २०२५ रोजी राज्याचे मंत्रिमंडळ याच जिल्ह्यातल्या चौंडीत बैठकीला बसले. एका खेड्यात अख्खे सरकार उतरवायचे म्हणजे जिल्ह्याच्या यंत्रणेला चेहरा गंभीर करायलाही सवड मिळाली नसेल.

मला दया येते ती वेगळ्याच माणसाची. एखादा अवल कारकून वारसाच्या नोंदीचे किचकट प्रकरण डोक्यात घोळवत खिडकीबाहेर पाहत बसतो. चुलते, सावत्र भाऊ, सासरी गेलेल्या बहिणी, तो सगळ्यांचा मेळ घालतोय. अर्ध्या तासात तो जे सोडवील ते तीन टिपण्यांनी सुटणार नाही. पण त्याच्या कार्यविवरण नोंदवहीत रकाने आहेत ते आलेल्या, निकाली निघालेल्या आणि शिल्लक कागदांचे. साहेबांची पावले वाजली की तोही बिचारा टोपण काढून पेन हातात धरतो, समोरची कुठलीतरी फाईल उघडतो, आणि तिसऱ्या बहिणीचा हिस्सा कुठवर आला होता ते विसरतो.