नजर कुठे ठेवायची?

आपल्या डोळ्याला एका वेळी स्पष्ट दिसतं ते लांब केलेल्या हाताच्या अंगठ्याच्या नखाएवढंच. म्हणून नजर सेकंदाला दोन-तीनदा जागा बदलते. हीच युक्ती यंत्राला दिली. १९९८ साली इट्टी, कॉख आणि नीबर यांनी रंग, उजेड आणि रेषांची दिशा यांतला फरक मोजून, सगळ्यात उठून दिसेल तिथे आधी बघायची पद्धत मांडली.

रशियाच्या यार्बुस यांनी मात्र कितीतरी आधीच दाखवलं होतं, की चित्र एकच असलं तरी वयं विचारली की नजर चेहऱ्यांकडे जाते, श्रीमंती विचारली की कपड्यांकडे.

बँकेत चेकवरची सही काही चकाकत नसे. तपासायची म्हणून दिसायची. घरात गप्प बसलेलं माणूसही उठून दिसत नाही. त्याला काय हवंय, हा प्रश्न मनात असेल तरच नजर तिकडे वळते.