ठासणीची बंदूक आणि खापरपणजोबांचं शौर्य

पूर्वजांनी केलेल्या पराक्रमाचा अभिमान आपल्याला सहज वाटतो. तो पराक्रम झालाच नव्हता असं कळलं, तर ते घरच्यांना सांगायचं की गप्प बसायचं? हा प्रश्न माझ्यापुढे एका बंदुकीमुळे आला.

आमच्या नाशिकच्या घरी ठासणीची एक जुनी बंदूक आहे. नळी मागच्या बाजूने शिसं ओतून कधीच बंद केलेली. खंडेनवमीला तिला हळदकुंकू लागतं आणि गोष्ट सांगितली जाते: खापरपणजोबा 1857 मध्ये भागोजी नाईकांसोबत होते आणि ही ‘रायफल’ त्यांनी इंग्रज अधिकाऱ्याच्या हातून हिसकावली. आता गावाकडे त्या लढ्यातल्या वीरांच्या नावांचा फलक लावायचं चाललंय. काकांनी पुरावा म्हणून माझ्याकडे बंदुकीचे फोटो मागितले.

भागोजी नाईक ही काही दंतकथा नाही. आधी ते इंग्रजांच्याच पोलिसांत होते. 4 ऑक्टोबर 1857 रोजी सिन्नरजवळ नांदूर शिंगोटे इथे त्यांच्या भिल्ल साथीदारांशी झालेल्या चकमकीत पोलीस अधिकारी लेफ्टनंट हेन्री मारला गेला. पुढे दोन वर्षं हा लढा चालला. नोव्हेंबर 1859 मध्ये मिठसागरे इथे सूटर नावाच्या अधिकाऱ्याच्या तुकडीने भागोजींना ठार केलं.

आता बंदूक. घोड्याखालच्या लोखंडी पट्टीवर मुकुट आहे, ‘टॉवर’ अशी इंग्रजी अक्षरं आहेत आणि 1861 हा आकडा आहे. कंपनी सरकारच्या काळातली असती, तर मुकुटाऐवजी कंपनीचा सिंह दिसला असता. अर्थात पट्टी बदलता येते आणि अशा खुणांच्या नकलाही भरपूर झाल्या आहेत. म्हणून एका आकड्यावर विसंबायचं नाही.

मी नळीच्या तोंडातून फोनचा टॉर्च मारला. आतून नळी गुळगुळीत होती. रायफल म्हणजे नळीच्या आत पिळदार खाचा. त्या गोळीला गिरकी देतात, म्हणून नेम लांबवर लागतो. ज्या एन्फिल्डच्या काडतुसांवरून 1857 चा भडका उडाला, तिच्यात अशा तीन खाचा होत्या. त्यानंतर इंग्रजांनी बाहेरून तशाच दिसणाऱ्या, पण आतून गुळगुळीत आणि जास्त रुंद नळीच्या बंदुका बनवल्या. त्या देशी शिपायांसाठी होत्या. हातात बंदूक तर द्यायची, पण गोऱ्या सैनिकाइतक्या लांबवर तिचा नेम लागता कामा नये. अविश्वासच नळीत उतरवला होता म्हणा ना!

म्हणजे आमची ‘रायफल’ रायफल नाही. इंग्रज अधिकाऱ्याच्या हातातली असण्याची शक्यता कमी, 1857 ची तर त्याहून कमी. आणखी एक गोष्ट खटकते. 1878 च्या शस्त्र कायद्याने बंदूक बाळगायला परवाना सक्तीचा झाला. बंडखोराच्या घरात अशी बंदूक उघडपणे टिकली असती का?

मग खापरपणजोबा इंग्रजांचे शिपाई होते का? इथे मी स्वतःला थांबवतो. वस्तूवरच्या तारखेवरून फार तर ‘याच्या आधी नाही’ एवढंच ठरतं. ही बंदूक कोणी, कधी, का घरात आणली, ते नळीत लिहिलेलं नाही. नंतर कोणी विकतही घेतली असेल. वीर ठरवायला पुरावा नव्हता, तसा फितूर ठरवायलाही नाही. शिवाय ज्या काळात भागोजी स्वतःच पोलिसांतून बंडात आले आणि त्यांच्याविरुद्ध लढायला इंग्रजांनी याच डोंगरांतल्या कोळ्यांची पलटण उभी केली, त्या काळाचे आपण आज ‘आपले’ आणि ‘त्यांचे’ असे दोन सरळ भाग कसे पाडणार?

आत्या म्हणते, ‘अरे, गोष्टच आहे ना, कुणाचं काय बिघडतं?’ घरात सांगितली तर नाही बिघडत. गोष्टीतलं प्रेम खरंच आहे. पण फलक ही वेगळी गोष्ट आहे. तिथे नाव लावणं म्हणजे समाजाकडे मान मागणं. भागोजींसोबत जे मेले, त्यातल्या कितीतरी जणांची नावं कुणीच लिहून ठेवली नाहीत. त्यांच्या घरांत ना बंदूक उरली, ना सातबारा, ना गोष्ट सांगायला निवांत ओसरी. ज्यांच्याकडे वस्तू उरली त्यांनीच शौर्यावर हक्क सांगायचा, तर ज्यांचं सगळंच गेलं ते दुसऱ्यांदा हरतात.

आणि अभिमान वारसाहक्काने घ्यायचा असेल, तर त्याच वाटेने येणारी अडचणही घ्यावी लागते. फक्त मानाची बाजू घ्यायची आणि दुसरी आली की ‘तेव्हा आम्ही नव्हतो’ म्हणायचं, हे चालणार नाही. मला वाटतं, मेलेल्या माणसाला आपण एकच गोष्ट देऊ शकतो: त्याचं स्वतःचं आयुष्य, आपल्याला सोयीचं केलेलं नव्हे. माझे खापरपणजोबा पगारासाठी पहारा देणारे साधे शिपाई असतील, तर तेवढेच ते माझे. त्यांचं नाव मी फलकासाठी देणार नाही. तिथे एक ओळ कोरी सोडा म्हणून सांगेन, ज्यांची नावं कुणालाच माहीत नाहीत त्यांच्यासाठी.