तणाचा अपराध

तण कशाला म्हणावें? वनस्पतिशास्त्राच्या कोणत्याहि ग्रंथांत ‘तण’ नांवाचें कुळ आढळत नाहीं. नको तेथें उगवलेली वनस्पति म्हणजे तण, एवढीच त्याची व्याख्या. आणि तींतील ‘नको’ हा शब्द वनस्पतीचा गुण सांगत नसून मनुष्याची इच्छा सांगतो. हरळीचेंच उदाहरण घ्या. वांग्यांच्या वाफ्यांत ती वैरीण ठरते. बांधावर माती धरून ठेवणारी उपकारकर्ती होते. आणि भाद्रपदांत तीच दूर्वा होऊन गजाननाच्या मस्तकीं चढते. ज्या लव्हाळ्याच्या गांठी माळ्याला रडवितात, त्याच वैद्याकडे ‘मुस्ता’ या नांवानें काढ्यांत पडतात. जगांतील अत्यंत उपद्रवी तणांविषयींच्या, १९७७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका विख्यात इंग्रजी ग्रंथांत मात्र पहिला क्रमांक लव्हाळ्याचा आणि दुसरा हरळीचा आहे!

मग ज्याचा स्वतःचा असा कांहींच अपराध नाहीं, त्याला समूळ उपटण्याचा अधिकार आपणांस कोठून आला? आपण बलवान आहों म्हणून, असें कोणी म्हणेल. परंतु बळ हें अधिकाराचें प्रमाण मानल्यास मळा लव्हाळ्यालाच द्यावा लागेल. कारण त्याच्या मानानें भाजीपाला फारच दुर्बल. या दौर्बल्यांतच प्रश्नाचें उत्तर आहे, असें मला वाटतें. वांगें, भेंडी, मिरची हीं आज जशीं आहेत तशीं निसर्गानें केलेलीं नाहींत. शेंकडों पिढ्या मनुष्यानें चवीकरितां व आकाराकरितां त्यांची निवड केली, आणि रानांत झगडण्याची त्यांची शक्ति त्या भरांत उणावली. ज्याला आपण परावलंबी केलें, त्याचें रक्षण करणें आपणांकडे आलें. खुरप्याचा अधिकार या ऋणांतून निघतो. तणाच्या दोषांतून नव्हे.

हा भेद केवळ शाब्दिक नाहीं. त्यानें हाताची रीतच पालटते. तणाला अपराधी मानणारा रागानें कुदळ चालवितो. वरची हिरवळ नाहींशी झाली कीं त्याचें समाधान होतें. परंतु लव्हाळ्याच्या गांठी जमिनींत बारीक दोऱ्यांनीं एकमेकींस जोडलेल्या असतात. वरचा शेंडा आणि मधला दोरा तुटला कीं निद्रिस्त गांठींनाहि कोंब फुटतात. हरळीच्या कांड्याचे तुकडे केले तर पेरापेरांतून नवी हरळी उभी राहते. क्रोधानें तोडावें आणि तोडलेलें वाढावें, असा हा न्याय आहे. कर्तव्य म्हणून काम करणारा निराळ्या मार्गानें जातो. तो चैत्र-वैशाखांत माती खोल खणून गांठी व कांड्या उन्हांत वाळवितो. वेंचून बाहेर काढतो. पावसानंतर जे कोंब डोकावतात ते नव्या गांठी धरण्यापूर्वींच पुन्हा काढतो. हें दोन-तीन वर्षें चालावें लागतें. इतकी वर्षें कोणाचा राग टिकत नाहीं. निष्ठा टिकूं शकते.

येथेंच त्या अधिकाराची मर्यादाहि दिसून येते. साफ केलेली जमीन मोकळी ठेविली तर तण परत येतें, आणि त्याला दोष देतां येत नाहीं. लव्हाळ्याला सावली सोसत नाहीं. म्हणून जाणता माळी ताग दाट पेरून त्याला झांकून टाकतो. ज्याला कांहीं पेरावयाचें नाहीं, त्यानें उपटूं नये. ज्या रक्षणाच्या नांवानें त्यानें खुरपें उचललें, तें रक्षण करावयास तेथें कोणीच नसेल, तर उरते ती नुसती हिंसा.

आपल्या स्वभावांतील, घरांतील व समाजांतील ज्या गोष्टींना आपण दुष्ट म्हणून उखडावयास निघतों, त्यांच्या बाबतींतहि हे दोन प्रश्न विचारून पाहावेत: कोणत्या दुर्बळाच्या रक्षणासाठीं आपण हें करीत आहों, आणि मोकळ्या होणाऱ्या जागीं आपण काय लावणार आहों? पहिल्याचें उत्तर नसेल तर आपला आवेश हा द्वेषच होय. दुसऱ्याचें नसेल तर तो व्यर्थ श्रम होय. दोहोंचीं उत्तरें ज्याच्यापाशीं असतील, त्याला द्वेषाचें कारणच उरणार नाहीं. त्यानें खुशाल खणावें.