अमान्यता आणि निंदा

परधर्मातील पूज्य पुरुषाविषयी कोणी मत विचारले असता साधकाने काय उत्तर द्यावे? सत्य सांगावे, तर विचारणाऱ्याचे मन दुखावते. मन राखावे, तर सिद्धांत सुटतो. ही अडचण फार जुनी आहे.

इ. स. १३२१ च्या एप्रिल महिन्यात ठाण्यास हा प्रश्न काजीने चार ख्रिस्ती संन्याशांस केला. ते फ्रान्सिस्कन संघाचे असून तोलेंतिनोचा थॉमस हा त्यांतील एक होय. ठाण्यात ते नेस्तोरी ख्रिस्त्यांच्या घरी उतरले होते. नेस्तोरियसचे मत एफेससच्या धर्मपरिषदेने ४३१ मध्येच पाखंड ठरविले होते; तथापि परमुलखात आश्रय मिळाला तो त्या पाखंड्यांच्याच घरी! पुढे ठाण्यास आलेल्या ओदोरिकच्या वृत्तांतानुसार, महंमद पैगंबरांविषयी मत विचारले असता या संन्याशांनी निंदेचे शब्द उच्चारले. चौघांचाही वध झाला.

यापूर्वी सुमारे ५४० वर्षे, बगदादेस खलिफा अल-महदी याने नेस्तोरी धर्माध्यक्ष तिमथी यास हेच विचारिले होते. पैगंबरांनी लोकांस मूर्तिपूजेपासून परावृत्त करून एका ईश्वराकडे वळविले, म्हणून ते प्रेषितांच्या मार्गाने चालले, असे तिमथीने सांगितले. मात्र त्यांच्या आगमनाची साक्ष ख्रिस्ती शास्त्रात आहे, हे म्हणणे त्याने स्वीकारले नाही.

हे भयापोटी केलेले गोड भाषण होय, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु भय असते, तर अमान्य गोष्टही त्याने मान्य केली असती. जेवढे स्तुत्य वाटले तेवढ्याची त्याने स्तुती केली, उरलेले नाकारिले. ठाण्याच्या संन्याशांचे धैर्य निःसंशय थोर. त्यांचा वध करणे हा धर्म नव्हेच. परंतु त्यांच्या सिद्धांतास निंदेची गरज होती काय? नकार पुरेसा होता.

पाखंडाचा आरोप आपल्या पूर्वजांनीही सोसला आहे. त्यामुळे ही कथा आपणांस परकी नाही. परमेश्वराहून देवता भिन्न, आणि देवतांच्या उपासनेने मोक्ष नाही, हा आपला सिद्धांत. तो लपवावयाचा नाही. परंतु हिंसा जशी हाताने तशी वाचेनेही घडते. ‘देवता मोक्ष देत नाही’ असे म्हणणे हे सिद्धांतकथन होय; तिच्या उपासकास मूढ म्हणून हिणवणे ही हिंसा होय. या दोहोंमधील अंतर ज्यास कळले, त्यानेच वादास बसावे.