आधी उतार, मग चढ

डोंगर माणसाला एक जुना न्याय शिकवतो: आधी कष्ट, मग सुख. चढ चढावा, माथ्यावर घाम पुसावा आणि मग वाऱ्याच्या स्वाधीन व्हावे. भूमध्य समुद्रातील मायोर्का बेटावरील एक रस्ता मात्र हा न्याय उलटा करतो.

बेटाच्या वायव्य किनाऱ्याला लागून त्रामुंताना ही पर्वतरांग उभी आहे. तिच्या कुशीत लुक येथे पवित्र मरियेचे प्राचीन तीर्थमंदिर आहे. सकाळी तिथून निघालेला सायकलस्वार ६८२ मीटर उंचीची खिंड ओलांडतो आणि सा कालोब्रा या समुद्रकाठच्या वाडीकडे उतरू लागतो. साडेनऊ किलोमीटरचा हा उतार! पायांना काम नाही. हात तेवढे ब्रेकवर. चुनखडीचे करडे कडे झपाट्याने मागे पडतात. एके ठिकाणी तर रस्ता वळसा घेऊन स्वतःच्याच खालून निघतो; त्या वळणाला तिथले लोक टायची गाठ म्हणतात. शेवटी निळे पाणी येते आणि रस्ता संपतो. परतायचे तर तोच सात टक्क्यांचा चढ चढायचा, नाहीतर सोयेर बंदराकडे जाणारी बोट धरायची.

उतार उपभोगून बोटीत बसणे यात काही अनुचित आहे काय? थकलेल्याने, आजाऱ्याने खुशाल बसावे. पण धडधाकट माणसाच्या मनाला रुखरुख का लागते?

सुखाची किंमत चुकवली नाही म्हणून, असे कोणी म्हणेल. आम्हाला ते पुरेसे वाटत नाही. अंतोनियो पारिएत्ती या अभियंत्याच्या आखणीनुसार हा रस्ता १९३२ साली बांधला गेला. यंत्रांच्या मदतीविना मजुरांनी तो हातांनी खडक फोडून केला. आसपासच्या उतारांवर शेतकऱ्यांनी चुन्याविना रचलेले दगडी बांध आहेत, आपल्याकडच्या गडग्यांसारखे. या भूप्रदेशाला २०११ साली जागतिक वारशाचा मान मिळाला, तो अशाच श्रमांमुळे. या हातांचे देणे एका चढाने कसे फिटणार?

मग चढायचे कशासाठी? आमच्या मते, पाहण्यासाठी. उतरताना डोळ्यांना पुढचे वळण तेवढे दिसते. चढताना गती मंदावते, श्वास अडतो आणि कडेच्या भिंतीतला दगडन् दगड दिसू लागतो. तो कोणीतरी तिथे ठेवला आहे, हे तेव्हा कळते. चढ ही सुखाची किंमत नव्हे. ती कृतज्ञता होय. कृपा आधी येते, आपली कृती मागून. देवाघरचा क्रमही हाच आहे.

आमच्या आईवडिलांनी शेतात राबून आम्हाला शिकवले. तो उतार आम्ही वेगाने उतरलो. परत जाऊन त्यांच्याजवळ घटकाभर बसावे, हा चढ मात्र फार मोठा वाटे. आणि ‘कामे आहेत’ ही बोट धक्क्याला सदैव तयार असे. त्या बोटीतून आम्ही कितीदा निसटलो, हे आता आठवते. आता घर आहे. ओटीवर वाट पाहणारे कोणी नाही.

ज्यांच्या ओटीवर अजून कोणी वाट पाहत आहे, त्यांनी बोट सोडून द्यावी. चढ वाटतो तेवढा कठीण नसतो.